सात नंबरचा टिपका

माझं नाव चंद्रकला, पण कंपनीत मला चंद्रकला कोणी म्हणत नाय, सात नंबर म्हणतेत. तुमी लिवताना काय लिवायचं ते लिवा ताई, दोन्ही लिवलं तरी चालंल, दोन्ही मीच हाय. मी मूळची करमाडच्या पलीकडच्या खेड्यातली. बाप शेती करायचा, खाऊन-पिऊन बरं होतं, रडगाणं गावं असं काय नव्हतं. माय मात्र लई कडक. तिचा हात धान्य निवडण्यात. गावात कोणाच्या घरी लगीन निघालं की तांदूळ निवडायला पहिलं बोलावणं माझ्या मायला, कामून तर तिनं निवडलेल्या तांदळात कोणाच्या दाताखाली खडा आला असं कधी झालंच नाय. मला पाच-सहा वर्षांची असल्यापासून ती सूप देऊन शेजारी बसवायची. आन माझं निवडून झालं म्हणलं की ती एकडाव त्याच्यावरून हात फिरवायची, एखादा खडा काढायची आन माझ्या तळहातावर ठेवायची. बोलायची काय नाय, नुसता ठेवायची. मला असा राग यायचा, काय सांगू तुम्हाला, वाटायचं माय, शिवी दे, रट्टा दे, पण असा खडा ठेवू नको. पण तिथंच माझी नजर बसली बगा. शाळा सातवीपर्यंत झाली, ते शिक्षण कुठं गेलं मला म्हाईत नाय, सुपातलं शिक्षण मात्र आजपर्यंत पुरलं.

लगीन झालं आन शहरात, मुकुंदवाडीत आले. नवरा अंबादास, रिक्षा चालवतो, मुकुंदवाडी ते क्रांती चौक, दिवसभर तेच. माणूस देवगुणी. म्हंजे इतका देवगुणी की मागून दुसऱ्यानं येऊन ठोकलं तरी हाच खाली उतरून म्हणतो, लागलं तर नाय ना भौ? आन असल्या माणसाच्या पदरात मी. माझं म्हंजे उचलली जीभ लावली टाळ्याला. सासू म्हणायची, आमच्या अंबादासाच्या वाट्याचं बोलणं पण देवानं हिच्याच तोंडात कोंबलं. खरं हाय ते, मी कायला नाय म्हणू. एक लेक हाय, आरती, कॉलेजला जाती, ती बापावर गेली का माझ्यावर अजून कळंना.

आरती बालवाडीत जायला लागली तवा मी चिकलठाण्याच्या कंपनीत लागले. रबरी रिंगा बनतेत तिथं, काळ्या, बांगडीपेक्षा लहान, गाडीच्या ब्रेकमधी बसतेत. आता ब्रेकमधी बसती म्हंजे काय ते समजा तुमी, त्या रिंगेला केसाएवढा चीर असला तरी एखाद्याचं लेकरू रस्त्यावर जायाचं. म्हून मशीनीतून रिंगा निघाल्या की आमच्या टेबलावर येतेत. आमी चार बाया, वरून मोठी ट्यूबलाईट, रिंग दोन बोटांत घालायची, ताणायची, गोल फिरवायची, बोटानं चाचपायची, चीर नाय, फुगा नाय, मंग पांढऱ्या मार्करनं कडेला एक टिपका द्यायचा. टिपका दिला म्हंजे ती पास. प्रत्येकीचा मार्कर वेगळा, त्याच्यावर नंबराची चिठ्ठी चिकटवलेली, माझा सात नंबर. खोक्यात जी चिठ्ठी टाकतेत तिच्यावर तारीख आन त्या बाईचा नंबर असतो, उद्या काय वाईट निघालं तर कोणी तपासलं ते कळावं म्हून. आन अकरा वर्षांत सात नंबरचा टिपका असलेली एक रिंग वापस आली नव्हती. एक नाय. मी हे गर्वानं सांगते, सांगू द्या, माणसाजवळ एखादी गोष्ट असावी गर्वाची.

अकरा वर्षं कंत्राटावरच होते पण. कायम करतो, कायम करतो म्हणत म्हणत अकरा वर्षं. आन मागच्या साली खरंच यादी निघाली, त्याच्यात माझं नाव होतं. माझ्यासमोर बसणारी शबाना, आठ नंबर, तिचं पण होतं. शबाना म्हंजे माझी जिवाची. मी भडकले की तिचं एकच, अगे चंदा, काय कू भिड़ती, नक्को बोल, मुँह में पान समझ के चुप बैठ. आन स्वतः दिवसभर बोलती. तिला दुसरा नाद मोबाइलवर फोटो काढायचा. डब्यातल्या भाजीचा फोटो, नव्या चपलेचा फोटो, गेटवर झोपलेल्या कुत्र्याचा फोटो. मी म्हणायची, शबाना, उद्या तू माझ्या मयताचा पण काढशील. ती म्हणायची, हौ, अच्छा आया तो.

मंग आमच्यावर नितीन सर आले. मॅनेजर. वय माझ्या भाच्याएवढं, शिकलेला, दिसायला चांगला, पण तोंड काय विचारू नका. पहिल्या आठवड्यात त्यानं आमच्या टेबलाचे स्टूल काढून नेले. का, तर बसलं की बाया पेंगतेत. आठ तास उभं राहून रिंगा तपासा म्हणला. आता नजरेचं काम हाय हो, पाय दुखायला लागले की नजर पायात जाती, हे त्याला कोण सांगणार? म्या सांगितलं. सगळ्यांसमोर म्हणला, ए सात नंबर, अक्कल शिकवू नको, काम कर. ए म्हणला! माझ्या डोक्यात पांढरे केस हायेत ताई. अंबादासानं लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला कधी ए म्हणलं नाय. संडासला गेलं तरी तो घड्याळ बघायचा, आन दुसऱ्याच्या चुकीला तिसरीला झापायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय. बाया म्हणायच्या, यादी निघाली हाय, कायम होईपर्यंत गप बसा. मी पण गप बसले. म्हंजे माझ्या मानानं गप.

आता खंडेनवमीचं ऐका, खरी गोष्ट तिथं हाय. खंडेनवमीला आमच्या कंपनीत सगळ्या मशीनी धुऊन-पुसून त्यांची पूजा असती, तुम्हाला म्हाईत असंल, दसऱ्याच्या आदल्या दिवशी ज्याचं जे हत्यार त्याची पूजा. फिटरचे पाने, वेल्डरची बंदूक, ड्रायव्हरची गाडी. आन आमचं हत्यार काय, तर मार्कर. चौघींचे चार मार्कर टेबलावर पाटावर मांडायचे, हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, नारळ. आन एकदा पूजेत मांडलं की दसरा होईस्तोवर त्याला हात लावायचा नाय, ते त्याचं आरामाचं, मानाचं. मांडताना मी माझ्या मार्करला हळद-कुंकू जरा जास्तीच लावते, पार टोपणाखालच्या टोकापर्यंत माखून काढते, शबाना हसती, तेरा मार्कर दुल्हा दिखता. तिनं त्या दिवशी पण फोटो काढला, चार मार्करचा, मंग चौघींचा, मंग नारळ फुटतानाचा. पेढा-चिवडा खाल्ला, अर्धा दिवस सुट्टी, बायांना कर्णपुऱ्याच्या देवीच्या यात्रेला जायाची घाई, दुपारी एकला आमी सगळ्या बाहेर.

दसऱ्यानंतर कामावर आले तर माझ्या मार्करचं टोक चेपलेलं. सुकलेलं. मी शबानावर भडकले, तूच हात लावला असशील फोटोसाठी, पूजेतल्या वस्तूला हात लावतेत का? ती म्हणली, कसम से चंदा, मैं ने छुआ भी नै. मी काय ऐकते का? दोन दिवस तिच्याशी बोलले नाय. नवा मार्कर घेतला, त्याला सात नंबरची चिठ्ठी चिकटवली आन विसरून गेले. आज आठवलं की माझी मलाच लाज वाटती, पण तवा काय कळत होतं.

दिवाळी झाली. एका सोमवारी नितीन सरनं केबिनमधी बोलावलं. टेबलावर नऊ खोकी. गिऱ्हाइकाकडून माल वापस आला म्हणला, निम्म्याच्या वर रिंगा चिरलेल्या, चिठ्ठी सात नंबरची, टिपका सात नंबरचा, तारीख अष्टमीची, त्या दिवशी तू कामावर होतीस, बोल. म्या एक रिंग उचलली, ताणली. चीर अशी की आंधळ्याला पण दिसंल. म्या म्हणलं, सर, हा माल मी तपासलेलाच नाय. तो म्हणला, मंग टिपके काय भुतानं लावले? आन मंग माझं तोंड सुटलं. काय काय बोलले ते सांगत नाय तुम्हाला, तुमी लिवून घ्याल. बाहेर सगळ्या खात्यानं ऐकलं. तीच माझी चूक झाली, कामून तर तो शांत बसला आन म्हणला, बघा, हिची वागणूक कशी हाय. मंग एक कागद पुढं सरकवला. इंग्रजीत. शुक्रवारपर्यंत सही करून दे, मोठे साहेब शुक्रवारी येणार हायेत, त्यांच्यासमोर मला हे मिटवायचं हाय. सही केलीस तर माफ, हेल्परमधी काम देतो. नाय केलीस तर यादीतलं नाव कट आन गेटच्या बाहेर. आन तवर स्क्रॅपच्या शेडमधी बस आन हा वापस आलेला माल निवड, चांगलं-वाईट वेगळं कर, हीच तुझी शिक्षा.

कागद घरी आणला. आरतीनं वाचून दाखवला. त्याच्यात होतं की मी, चंद्रकला, न तपासता टिपके लावले, माझ्या हलगर्जीपणानं कंपनीचं नाव खराब झालं, मी माफी मागते. आरती वाचता वाचता थांबली, म्हणली, आई, तू असं करशीलच कशी, तू घरात पोह्यातला खडा सोडत नाय. अंबादास मात्र म्हणला, करून टाक सही, काय जातंय? रोजचं काम तर राहील. कागदच हाय. म्या म्हणलं, कागद नाय तो. अकरा वर्षं मी जे केलं ते सगळं खोटं होतं असं माझ्याच हातानं लिवून द्यायचं? उद्या कोणाच्या गाडीचा ब्रेक लागला नाय तर चंद्रकलाच्या रिंगेनं माणूस मेला म्हणतील. चोर सोडून संन्याशाला फाशी, आन संन्याशानं वर सही करायची का? अंबादासानं उठून चहा केला माझ्यासाठी. लई साखर टाकली. त्याला तेवढंच येतं.

मंगळवारपासून शेडमधी बसले. पत्र्याची शेड, एक पोतं खाली टाकलेलं, पुढं ती नऊ खोकी. येणारे-जाणारे बघायचे, काही हसायचे, काही नजर चोरायचे. पॅकिंगचे गणपत मामा, पांढऱ्या टोपीतले, सहा महिन्यांत रिटायर होणार होते, लई भला माणूस, रोज मला राम राम घालणारे, ते पण मान खाली घालून निघून गेले. मला लई वाईट वाटलं त्याचं. म्हणलं, यांनी पण मला चोर ठरवलं. पहिला दिवस मी नुसती रडले बगा. रिंगा निवडायच्या आन रडायचं. दुसऱ्या दिवशी माझी मलाच चीड आली, म्हणलं, चंद्रकला, मायनं सूप कायला दिलं होतं तुला, रडायला का? नजर टाक. मंग चांगलं-वाईट बाजूला ठेवलं आन नुसते टिपके बघायला लागले.

आता माझा टिपका मला कळतो. मी रिंगेच्या जोडावर टिपका देते, बारीक, गोल. हे टिपके कुठंही, चेपलेले, शेपूट आलेले. पण हे माझं म्हणणं, कोण ऐकणार? मंग पहिल्या खोक्याच्या तळाला हात घातला आन पंधरा-वीस रिंगा अशा निघाल्या की त्यांचा टिपका पांढरा नव्हता, पिवळसर होता. रंगाच्या आतूनच पिवळा. मी ट्यूबलाईटखाली नेऊन बघितला, वास घेतला, रबराच्या वासात काय कळतंय. मंग खोक्यातली चिठ्ठी काढली. सात नंबर, अष्टमीची तारीख, आन कोपऱ्याला एक पिवळा अंगठा उमटलेला. म्या ते खोकं उलटं केलं, पोत्यावर झटकलं. आन काय पडलं सांगू? तांदळाचा दाणा. एकच. कुंकवानं लाल झालेला.

अक्षत. अष्टमीला भरलेल्या खोक्यात, पूजेच्या आधीच, अक्षत कुठून येणार? मला माझ्या चेपलेल्या मार्करचं टोक आठवलं. म्हंजे अष्टमीला नाय, पूजा झाल्यावर, आमी घरी गेल्यावर कोणीतरी माझा मार्कर पाटावरून उचलला, हळद-कुंकवासगट, आन न तपासलेल्या मालावर टिपके मारले, आन चिठ्ठीवर आदल्या दिवसाची तारीख टाकली. मला इतकं वरडावं वाटलं की विचारू नका. पण सोमवारी वरडून काय झालं ते बघितलं होतं. दाणा पदराच्या गाठीला बांधला, चिठ्ठी आन पिवळ्या टिपक्याच्या रिंगा डब्यात ठेवल्या, आन गप बसले. खरंच गप. माझ्या आयुष्यात मी दोन दिवस गप बसले ते तेच.

सांजच्याला अंबादासाचा शर्ट धुवायला घेतला, त्याच्यावर वरणाचा डाग, साबण लावला तर डाग लाल झाला. हळदीचं तसंच असतं, प्रत्येक बाईला म्हाईत, साबण लागला की हळद लाल होती. मी हसायला लागले. अंबादास घाबरला, म्हणला, काय झालं? म्या म्हणलं, तुमच्या शर्टानं मला वकील दिला.

गुरुवारी शबानाला शेडमधी बोलावलं, आधी कान पकडले, म्हणलं, तुझ्यावर खोटा आळ घेतला, माफ कर. ती म्हणली, तेरे कू आज समझा? मोबाइल काढला आन खंडेनवमीचा फोटो. पाटावर चार मार्कर, मधला सात नंबर, हळदीनं माखलेला, नवरदेव नुसता. आरतीनं क्रांती चौकातून तो मोठा करून कागदावर आणला. शबाना म्हणली, कल मैं बी आती अंदर. म्या म्हणलं, तुझं यादीत नाव हाय, तू येऊ नको. ती म्हणली, फोटो मेरा हे, मेरे बगैर जाता क्या.

शुक्रवार. मोठे साहेब म्हंजे सगळ्या प्लँटचे, वयस्कर, चष्म्यातनं बघणारे, कमी बोलणारे. नितीन सरनं सगळं सांगितलं, कागद पुढं ठेवला, पेन ठेवला. मोठे साहेब म्हणले, बाई, तुम्हाला काय म्हणायचं? माझ्या मनात इतकं होतं, ताई, इतक्या महिन्यांचं साचलेलं, स्टूलचं, ए म्हणल्याचं, संडासच्या घड्याळाचं. पण म्या काय केलं, उठले, आन पिवळ्या टिपक्याची रिंग मोठ्या साहेबांच्या तळहातावर ठेवली. बोलले काय नाय. मंग चांगल्या मालातली माझ्या पांढऱ्या टिपक्याची रिंग ठेवली. मंग पदराची गाठ सोडली आन अक्षत ठेवली. मला तवा माय आठवली बगा, सुपाशेजारी बसलेली. साहेबांनी तळहात चष्म्याजवळ नेला. म्हणले, हे काय?

मंग बोलले. हळूहळू, एकेक. शबानानं फोटो ठेवला. कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन होतं, तिथला साबण म्या ओल्या बोटाला लावला आन चिठ्ठीवरच्या पिवळ्या अंगठ्यावर फिरवला. लाल झाला. मोठे साहेब खुर्चीतून पुढं सरकले. पण नितीन सर काय कच्चा नाय, तो म्हणला, सर, जेवणाचा हात असंल, भाजीत पण हळद असती. आन ते पण खरं होतं हो, मी स्वतः शर्टावर बघितलं होतं ना. एक घडीभर मला वाटलं, गेलं. सगळं गेलं. मंग म्या म्हणलं, साहेब, चिठ्ठीचं सोडा, टिपक्याच्या रंगात आतमधी हळद हाय, टिपके काय भाजीत बुडवून दिले का? शबाना फिस्सकन हसली. मोठे साहेब हसले नाय. म्हणले, पण मार्कर उचलला कोणी हे तर कळलं नाय.

तवा दार वाजलं. गणपत मामा. टोपी हातात. आत आले आन कोणाकडं न बघता म्हणले, साहेब, म्या उचलला. नितीन सर उठला, म्हणला, मामा, बाहेर जा. मोठे साहेब म्हणले, बसा तुमी, नितीन. मामा म्हणले, गाडी गेटवर उभी होती, माल तपासायचा राह्यला होता, बाया घरी गेल्या होत्या, हे नितीन सर म्हणले टिपके लाव, आदल्या दिवसाची तारीख टाक. मी म्हणलं पूजेतलं हाय, उचलू नये, तर म्हणले उद्यापासून येऊ नको मंग. मला सहा महिने राह्यलेत साहेब. म्या मार्करच्या पाया पडलो आन उचलला. साहेबांनी विचारलं, मंग त्याच्यावरची हळद पुसली का नाय? मामांनी असं बघितलं त्यांच्याकडं, जसं काय साहेबांनी काहीतरी वंगाळ विचारलं. म्हणले, पूजेतलं हत्यार पुसत नसतेत साहेब.

बगा तुमी! पुसलं असतं तर मी आज गेटच्या बाहेर असते. भीतीनं त्यांनी खोटे टिपके लावले, पण हळद पुसायची छाती झाली नाय. आन मामा मला म्हणले, चंद्रकलाबाई, चार दिवस मला जेवण गेलं नाय, तुला शेडमधी बघून. ते रडले, मंग मी पण रडले, शबाना तर पहिल्यापासून रडतच होती. नितीन सर भिंतीकडं बघत बसला.

मोठ्या साहेबांनी गेटचं रजिस्टर मागवलं, गाडी नवमीच्या दुपारी गेल्याची नोंद निघाली. मंग मला म्हणले, बाई, तुमची काय मागणी? मी एवढी तयारी करून गेले होते, पण मागणीचा इचारच केला नव्हता. तोंडातून निघालं, साहेब, आमचे स्टूल वापस द्या. आन दुसरं, माझी चूक नव्हती हे मराठीत लिवून द्या, फळ्यावर लावा, कामून तर मला चोर ठरवलं ते सगळ्यांसमोर ठरवलं. शबानानं मला चिमटा काढला, म्हणली, अगे परमनंट का बोल, परमनंट का! साहेब म्हणले, ते यादीत हायच, त्याला कोणी हात लावणार नाय.

लावलं फळ्यावर. मराठीत. आठ दिवस होतं. अंबादास एक दिवस रिक्षा बाजूला लावून गेटवर आला, वॉचमनला म्हणला, जरा वाचू द्या भौ. वाचलं आन रिक्षात बसलेल्या शिटांना पण सांगत बसला दिवसभर. स्टूल पण आले. आता तपासायचं काम राह्यलं असलं तर माल गाडीत चढत नाय, असा नियम झाला. गणपत मामांना ताकीद मिळाली पण नोकरी राह्यली, रिटायर झाले तवा म्या त्यांच्या हातात नारळ दिला आन पाया पडले. काही बाया म्हणल्या, यांनीच तर तुला गोत्यात आणलं. आणलं व्हय, पण काढलं पण त्यांनीच. दार वाजवायला काय लागतं ते मला म्हाईत हाय.

नितीन सरला दुसऱ्या खात्यात टाकलं. काढलं नाय. मला आधी लई राग होता त्याचा, अजून बी हाय थोडा, खोटं कायला बोलू. परवा जिन्यात समोर आला, बाजूला सरकला, म्हणला, या ताई, तुमी आधी. माफी काय मागितली नाय त्यानं. पण ए वरून ताईवर आला, एवढं पुरं सध्या. बाकी त्याचं तो बघंल.

मी आता कायम हाय. टेबलावर नव्या पोरी आल्यात, शिकलेल्या, इंग्रजी वाचणाऱ्या. त्यांना मी रिंग कशी ताणायची ते शिकवते, आन एखादीनं चिरलेली रिंग पास केली की तिच्या तळहातावर ठेवते. बोलत नाय काय. त्या आतून मला शिव्या देत असतील, देऊ द्या, मी पण दिल्या होत्या. यंदा खंडेनवमीला पाटावर मार्कर मांडले तवा माझ्या मार्करखाली म्या तो सही न केलेला कागद घडी घालून ठेवला, हळद-कुंकू वाहिलं. एका पोरीनं विचारलं, ताई, हे काय? म्या म्हणलं, हे पण माझं हत्यारच हाय.

तुमचा पण पेन दिसतोय ताई, मघापासून चाललाय. सुखी ऱ्हावा, लई लिवा. खंडेनवमीला पाटावर ठेवत जा त्याला, आन दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ नका. बसा आता, अंबादासानं चहा ठेवलाय. साखर जास्ती असंल, पण प्या.